बिनआवाजाचे नऊ दिवस

दसरा जवळ आला की आमच्या म्हैसूरात हत्तींना तोफेच्या आवाजाची सवय करून देतात. राजवाड्याच्या बाजूला दिवसाउजेडी तोफा उडतात आणि अग्रहार भागातल्या माझ्या दुकानात फळीवरच्या शाईच्या बाटल्या किंचित हलतात. नवा हत्ती पहिल्या दिवशी बिथरतो, मागे सरकतो. माहूत त्याच्या कानामागे हात ठेवून काहीतरी पुटपुटत राहतो. चार दिवसांनी तोच हत्ती तोफ उडाली तरी ऊस खात उभा असतो. मी त्रेपन्न वर्षांचा आहे. गेली तीन वर्षं हा आवाज आला की मी दचकून हातातलं काम सोडतो. मला अजून सवय झालेली नाही.

बाकी सगळं नेहमीसारखंच असतं. रस्त्यांवर दिव्यांच्या माळा चढतात. सकाळी पाठीवर वाळूची पोती घेतलेले हत्ती चालायच्या सरावाला निघतात आणि बसेस त्यांच्यामागे निमूट रांगेत थांबतात. मार्केटात शेवंतीचे ढीग लागतात. घरोघरी माळ्यावरच्या पेट्या उतरतात, जुन्या साड्यांच्या चिंध्यांत गुंडाळलेल्या बाहुल्या बाहेर निघतात. कुणाचा हात मोडलेला असतो, कुणाचा मुकुट. आमच्या लोकांत घटही बसतो आणि इकडच्या रीतीने बाहुल्याही मांडतात. पूर्वज कापड रंगवायचे, छापायचे. कुठल्या पिढीत इकडे आले ते कुणालाच नीट सांगता येत नाही. मी कापडी पिशव्या छापतो, म्हणजे धंदा फार लांब गेलेला नाही. घरात बोलतो ती मराठी अर्धी कन्नडाने भरलेली. लिहितो ती वडील पोस्टाने मागवत त्या मासिकांतून शिकलेली. हे सांगायचं कारण, मी जे सांगणार आहे ते घरच्या बोलीत सांगायचा धीर मला तीन वर्षं झाला नाही.

निवी माझ्या बहिणीची मुलगी. निवेदिता. आक्काला हुणसूरला दिली. भावोजींची तंबाखूची शेती. निवी कॉलेजसाठी म्हैसूरला आली आणि कुवेंपुनगरातल्या आमच्या घरी सहा वर्षं राहिली. आम्हाला मूल नाही. ती अंघोळ करताना गायची, भांडी विसळताना गायची, स्कूटर पुसताना गायची, आणि मी पेपर वाचत असायचो. तिचं गाणं आमच्या घरात पंख्याच्या आवाजासारखं होतं. चालू असलं की कळायचं नाही, थांबलं की कळायचं.

मग तिचा पहिला अल्बम आला, कन्नडमधला. त्यातलं एक गाणं रिक्षांत वाजलं, लग्नांत वाजलं, कॉलेजच्या पोरांनी त्यावर नाच बसवले. समाजाने देवळात शाल घालून तिचा सत्कार केला. आमच्यातल्या कुणाचा फोटो पेपरात येण्याची ती पहिलीच वेळ. मी तो पेपर लॅमिनेट करून दुकानात लावला. गिऱ्हाईक विचारायचं, ही कोण, आणि मी पिशवीची घडी घालत उगाच सावकाश सांगायचो, "आमची पोरगी."

दुसऱ्या अल्बमला तिने दोन वर्षं घेतली. ती आणि किरण. किरण गिटार वाजवायचा, चाली दोघं मिळून करायचे, आणि पुढे दोघं लग्न करतील असं आम्ही धरून चाललो होतो. आठ गाणी. नाव ठेवलं ‘हित्तल’. आमच्या घरांत घरामागच्या जागेला हाच शब्द. दगडी धोंड्यावर कपडे आपटायचे, कढीपत्त्याचं झाड, पाण्याचा हौद, ती जागा. गाणी आम्ही बोलतो तशा भाषेत होती, वाक्य मराठीत सुरू होऊन कन्नडमध्ये संपणारं. बेंगळूरच्या कंपनीतले लोक बुचकळ्यात पडले होते, हे कुठल्या भाषेच्या यादीत घालायचं. निवी मात्र ठाम होती. एकदा जेवताना म्हणाली, "मामा, पहिलं कुणाचंही चालतंय. सुम्ने, उगीच, नशिबानं. दुसरं चाललं तर मी गायिका. नाय तर मी शाळेत जाऊन सारेगम शिकवते."

हसत म्हणाली, पण भात चिवडत राहिली. मी त्या चिवडलेल्या भाताकडे बघितलं आणि ठरवलं, हे चाललंच पाहिजे.

आमच्या समाजाचं देवीचं देऊळ अग्रहारातच आहे. घट बसला की नऊ दिवस तिथला दिवा विझता कामा नये, म्हणून पाळ्या लावतात. प्रत्येक घराला दोन तास. समोर बसायचं, तेल घालायचं, वात पुढे सारायची, पुढचं घर आलं की उठायचं. पाळ्यांची यादी कित्येक वर्षं मीच करतो. पाळीला आलेला माणूस दिव्याकडे बघत बसतो असं मुळीच नाही. बायका फुलं ओवतात, म्हातारे पेपर वाचतात, कुणी भिंतीला टेकून डुलक्या काढतं. पण उठून जात नाही. आमच्याकडे माया, भक्ती, आदर सगळं असंच करतात. हजर राहून. विझू न देऊन. मी स्वतः माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारात तीन महिने त्यांच्या उशाशी बसलो, आणि ते काय बोलत होते ते मला आज आठवत नाही.

अल्बम घटस्थापनेच्या दिवशी गाण्यांच्या अ‍ॅपवर येणार होता. आदल्या रविवारी पाळ्या ठरवायला सगळे देवळाच्या ओसरीवर जमले, तेव्हा मी यादीबरोबर दुसरी गोष्ट मांडली. प्रत्येक घराने एक फोन देवघरात ठेवायचा. चार्जरला लावून. त्यावर निवीची आठ गाणी एकामागून एक, नऊ दिवस, अखंड. जितकी वाजतील तितका आकडा वाढतो, आकडा वाढला की अ‍ॅप आपणहून जगाला ऐकवतं, असं मला कुणीतरी सांगितलं होतं.

नागूअण्णा समाजातले सगळ्यांत मोठे. ते म्हणाले, "नऊ दिवस तीच गाणी? आरती कशी म्हणायची मग, मत्ते?"

"आवाज शून्यावर ठेवायचा अण्णा. नुसतं चालू ठेवायचं."

"गाणं लावायचं आणि ऐकायचं नाय? ह्ये कसलं रे?"

"तरी आकडा तेवढाच वाढतोय."

"मधेच माझ्या पोरीचा फोन आला तर?"

"उचलायचा नाय."

"अय्यो, ती म्हणेल बाप गेला की काय!"

सगळे हसले. एका वहिनीने विचारलं, "फोनला हळदकुंकू लावायचं काय?" मी म्हणालो, लावा की, काय बिघडतंय. नागूअण्णा गुडघ्यावर हात टेकून उठले. "आयतु, ठरलं. पोरगी आपली हाय. करू."

आणि त्यांनी केलं. दोनशेच्या आसपास घरं. मी त्या नऊ दिवसांत कितीतरी घरी बाहुल्या बघायला गेलो, आणि प्रत्येक देवघरात तो फोन होता. कुठे पाटावर, कुठे तांदळाच्या राशीवर, काचेवर कुंकवाचं बोट उमटलेलं. पडद्यावर निवीचा फोटो आणि खाली सरकत जाणारी ती बारीक रेघ. लोक मला अभिमानाने दाखवायचे, "बघ, एकदा पण थांबलं नाय." मी हात जोडायचो. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. चण्याची उसळ खायचो आणि पुढच्या घरी जायचो.

माझ्या देवघरातला फोनही शून्यावर होता.

सातव्या माळेला निवीचा फोन आला, बेंगळूरहून; अल्बमसाठी ती तिकडेच राहत होती. एवढी मोठ्याने बोलत होती की मी फोन कानापासून लांब धरला. "मामा! म्हैसूरात कोण रे ऐकायला लागलंय एवढं? किरण म्हणतोय बेंगळूरपेक्षा जास्त हाय. आपल्या गावात!"

"लोक ऐकतात ग. चांगलं हाय म्हणून ऐकतात."

"तुला कुठलं आवडलं?"

"सगळीच."

ती नुसतं ‘बरं’ म्हणाली. मग कंपनीतले लोक कसे बदलले, कोणी मुलाखत मागितली, ते सांगू लागली. मी तिला त्या दिवशीच सांगू शकलो असतो. मला वाटलं, गुपचूप केलेली मदत जास्त मोठी.

दसऱ्यानंतर दोन-तीन दिवसांत गाणी अ‍ॅपवरून काढली गेली. एकाच गावातून, दिवसाचे चोवीस तास, न थांबता, तीच आठ गाणी. माणसं असं ऐकत नाहीत. हे कळायला यंत्राला फार वेळ लागला नाही. अ‍ॅपवाल्यांचं कंपनीला पत्र आलं की हे ऐकणं खोटं आहे, विकत घेतलेलं आहे. कंपनीने निवीला विचारलं. ती म्हणाली, मी काही केलेलं नाही, आणि तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. मुलाखत रद्द झाली. ज्यांनी अल्बमवर लिहायचं कबूल केलं होतं, त्यांनी लिहिलं खरं, पण गाण्यांबद्दल एक ओळ नाही. आजकालचे गायक आकडे कसे विकत घेतात, त्याबद्दल. आणि फोनवर लोक दोन शब्दांत काय काय लिहितात ते मी वाचलं. एकूण एक वाचलं. तेवढी शिक्षा मी स्वतःला करून घेतली आणि तेवढ्यावर थांबलो.

मला आधी माहीत नव्हतं, हे खरं आहे. माहीत झाल्यावर मी गप्प बसलो, हेही तितकंच खरं आहे.

निवीने शेवटी किरणला धरलं. प्रसिद्धीचं काम तोच बघत होता. तो नाही म्हणाला, शपथा घेतल्या, रडला. तिने ऐकलं नाही. दिवाळीच्या आत ते दोघं वेगळे झाले आणि ती हुणसूरला आईकडे परत गेली. शाळेत मुलांना सारेगम शिकवू लागली. मी तिला न्यायला बेंगळूरला गेलो होतो. तिचं सामान गाडीत चढवताना ती म्हणाली, "माणूस ओळखता येत नाय बघ मामा." मी दोरी आवळत होतो. आवळतच राहिलो.

तीन वर्षांत मी काय केलं? पिशव्या छापल्या. गुडघ्याचं दुखणं सुरू झालं. झोप कमी झाली. दरवर्षी यादी केली. समाजातल्या लोकांना काय झालं ते कधी नीट कळलंच नाही. कंपनी बुडाली असावी, असा त्यांचा समज, आणि मी तो खोडला नाही. त्यांच्या लेखी आम्ही सगळ्यांनी मिळून पोरीसाठी एक चांगलं काम केलं होतं.

यंदा पाळ्यांची यादी करायला जमलो. नागूअण्णांना आता नीट दिसत नाही. त्यांनी माझा हात चाचपून धरला आणि विचारलं, "निवीचं नवीन काय नाय काय रे? यंदा पण फोन ठेवू की. नातवानं जुना दिलाय मला, सुम्ने पडून हाय."

त्यांचा हात मऊ होता, जुन्या कापडासारखा. मला एकदम फार थकल्यासारखं झालं. यादी तिथेच दुसऱ्याच्या हातात दिली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हुणसूरची बस धरली.

या दिवसांत हुणसूरच्या रस्त्याला एक वास असतो. शेतांमधून उंच, बिनखिडक्यांच्या भट्ट्या दिसतात, आत तंबाखूची पानं टांगलेली, खाली जळती लाकडं. गोडसर, जड वास. कपड्यांत बसतो, केसांत बसतो. लहानपणी निवी सुट्टीत आमच्याकडे आली की पहिले दोन दिवस तिच्या फ्रॉकला हा वास यायचा. बसमध्ये मी वाक्यं तयार करत होतो. एकही वाक्य ‘मी’पासून सुरू होईना. ‘झालं असं की’, ‘लोकांना वाटलं की’. बस स्टँडवर उतरलो तेव्हा माझ्याकडे तयार असं काही नव्हतं.

आक्का आणि भावोजी शेतावर होते. निवी मागे, हित्तलात, चिंच लावून देवाची भांडी घासत होती. दुसऱ्या दिवशी घट बसायचा होता. मला बघून म्हणाली, "फोन तरी करायचा. जेवलास?" मी हो म्हणालो, जेवलो नव्हतो. दगडावर बसलो आणि एक पळी घासायला घेतली. घासत घासत सांगितलं. सगळं. पाळ्या, फोन, कुंकू, शून्य. तिने मधे एकदाही थांबवलं नाही. फक्त तिचा हात तांब्याच्या एकाच जागी फिरत राहिला, तिथलं तांबं लाल लखलखीत झालं.

माझं संपलं तेव्हा तिने तांब्या खाली ठेवला.

"किरणला काय काय बोलले मी," ती म्हणाली. मग, "त्याच्या आईला पण."

मी म्हणालो, "माझं चुकलं ग." किती लहान वाक्य. तीन वर्षं जपून ठेवावं असं त्यात काही नव्हतं.

"थांब." तिने ओला हात वर केला. "म्हणजे ते सगळे… आवाज शून्यावर?"

"हो."

"सगळ्या घरांत?"

"हो."

"मला वाटायचं, किरणनं वरून थोडे आकडे घातले असतील, त्यापायी अ‍ॅपनं सगळंच खोटं धरलं. मला वाटायचं गाणी काढली तर काढली, पण आधी म्हैसूरात एवढ्या लोकांनी ऐकली तरी. तेवढं एक धरून होते मी, मामा." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "म्हणजे ऐकलं कुणीच नाय."

माझ्या मनाचं ओझं मी उतरवायला आलो होतो. उतरवलं, ते तिच्या पायावर. तिच्याजवळ होतं नव्हतं तेही मी घेऊन चाललो होतो. पळी हातात तशीच होती.

"आणि तू?" तिने विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. आयुष्यभर ‘सगळीच’ म्हणून वेळ मारून नेलेला माणूस मी. "नाय," म्हणालो. "आधी फोन राखत होतो. नंतर धीर झाला नाय."

"ठाऊक हाय मला."

ती उठली, हात पदराला पुसले, आत जाऊन तिचा फोन आणि आईचा फोन घेऊन आली. तिच्या फोनमध्ये गाणी होती. ती लावून तिने तो कपडे धुवायच्या धोंड्यावर माझ्यासमोर ठेवला, आवाज पुरा केला. "बस इथं. मी किरणशी बोलून येते. माझा नंबर बघून तो फोन उचलायचा नाय." आणि आक्काचा फोन घेऊन पुढच्या अंगणात गेली.

मी ऐकलं. पहिली दोन गाणी मला नीट कळली नाहीत, कान तिच्याकडेच होते. तिच्या चपलांचा आवाज येत होता, इकडून तिकडे. तिसरं गाणं पाण्याने सुरू झालं. रिकाम्या हंड्यात नळाची धार पडते, आधी खण्‌खण्‌, मग आवाज भरत जातो. तो हंडा मी ओळखला. आमच्या कुवेंपुनगरच्या न्हाणीघरातला. आणि धार वर येत असतानाच, भिंतीपलीकडून, पेपर वाचता वाचता ओरडलेला एका माणसाचा आवाज: "निवी, नळ बंद कर ग! पाणी चाललंय!" मग तिचं दाबलेलं हसू, आणि गिटार.

तो मी होतो.

दोनशे घरं. नऊ दिवस. त्यांतल्या एकानेही मला रस्त्यात थांबवून म्हटलं नव्हतं, काय रे, तू पण गातोस की आता. आणि निवी तीन वर्षं मला भेटत होती, चहा देत होती, गुडघ्याची चौकशी करत होती, आणि मी काही म्हणत नव्हतो.

चौथं गाणं तंबाखूची पानं काठीला बांधणाऱ्या बायकांचं होतं. हात चालतात त्या ठेक्यावर. मी डोळे मिटले नाहीत की मान डोलावली नाही. नुसता बसलो आणि ऐकलं. गाणी सुंदर होती का, ते माझ्यासारख्याने काय सांगावं. पाचवं मला आवडलं. सहाव्यात माझं लक्ष पुन्हा चपलांकडे गेलं. त्या थांबल्या होत्या.

आठवं संपायला आलं तेव्हा ती परत आली. डोळे सुजलेले होते.

"उचलला?" मी विचारलं.

"उचलला." ती उकिडवी बसली आणि पुन्हा तांब्या घेतला. "झालं ऐकून?"

"हो."

"मग?"

छान हा शब्द तोंडात आला होता. मी तो गिळला. "तिसऱ्यात मी केवढ्यानं ओरडलोय," म्हणालो.

"कंपनी काढा म्हणत होती ते. मी ठेवलं." ती वर बघत नव्हती. "मत्ते? आणखी?"

"पाचवं चांगलं हाय. चौथं…" मी अडखळलो. "चौथं जरा लांबलंय, निवी. शेवटी शेवटी कंटाळा आला."

तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे बघितलं. इतक्या रागाने तिने आयुष्यात माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

"लांबलं नाय," ती म्हणाली. "काठी भरेपर्यंत चालायला पाहिजे ते. तेवढीच असती काठी. तू कधी बांधलास काय पानं?"

"नाय."

"मग?" तिने चिंचेचा हात तसाच पुढे केला, फोनवर चिंच लागली तरी पर्वा केली नाही, आणि चौथं पुन्हा पहिल्यापासून लावलं.